त्रेपन्न डोकी

“बाबा, कोणाची शाळा बंद होणार आहे?”

प्रश्न तोंडातून सुटला आणि भोंगा दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. स्वतःहून तिने हे कधी विचारलं नसतं. पण दुपारी शाळेच्या कुंपणाच्या भिंतीवर बसून पैज लागली होती. पेन्सिल आणि टाचणी या तिच्या जिवाभावाच्या मैत्रिणी. पेन्सिल उंच आणि काटकुळी, टाचणी बुटकी आणि बोलायला टोकदार. “तुझ्या बाबांच्या खिशात अख्ख्या जिल्ह्याचं भविष्य आहे,” टाचणी म्हणाली होती, “आणि तुझी विचारायची टाप नाही? कसली गं तू भोंगा?” उत्तर आणता आलं नाही तर आठवडाभर तिघींची दप्तरं भोंग्याने वाहायची, असं ठरलं.

भोंगा हे नाव याच वर्षातलं. गेल्या वर्षीपर्यंत हजेरीला ‘हजर’ म्हणतानासुद्धा तिचा आवाज बाकाखालून आल्यासारखा यायचा. मग वर्षाच्या सुरुवातीला नववीची मॉनिटर आजारी पडली, मोठ्या बाईंनी हाताला लागली म्हणून हिला पुढे ढकललं, आणि मैदानावर ‘सावधान’ म्हणताना तिच्या गळ्यातून असा काही आवाज निघाला की समोरच्या दुकानाच्या पायरीवर झोपलेलं कुत्रं दचकून उभं राहिलं. तेव्हापासून रोज सकाळी सगळ्या वर्गांची हजेरी एकत्र करून ती मैदानाच्या मधोमध उभी राहून आकडा ठोकायची. आणि तेव्हापासून तिला वाटायला लागलं होतं, की आपण कोणालाही काहीही विचारू शकतो.

बाबा मात्र ‘कोणालाही’मध्ये बसत नव्हते. ते पाट्या रंगवायचे. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, रस्त्याच्या कडेच्या बाणांच्या. सगळे त्यांना पेंटरच म्हणत. जिल्ह्यातल्या चार सरकारी हायस्कुलांची तुलना दरवर्षी शिक्षण कार्यालयाच्या दारात मोठ्या फलकावर लागायची, आणि अकरा वर्षं तो फलक तेच रंगवत होते. बंद पाकिटातून आकडे यायचे; फलक लागेपर्यंत ते बाबांच्या पोटात राहायचे. आईलासुद्धा कळायचे नाहीत. यंदा कार्यालयाने आधीच जाहीर केलं होतं, की चौघींत जिचा पट सगळ्यात कमी, ती शाळा पुढच्या वर्षापासून बंद. तेव्हापासून लोक बाबांना रस्त्यात थांबवून चहा पाजू लागले होते. बाबा चहा प्यायचे आणि हवापाण्याचं बोलायचे.

तर भोंग्याला वाटलं होतं, ओरडा बसेल आणि दप्तरं वाहावी लागतील. तसं काही झालं नाही. बाबांनी तिच्याकडे बघितलं, म्हणजे एका डोळ्याने बघितलं. दुसऱ्यावर पट्टी होती. चार दिवसांपूर्वीच त्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, आणि उरलेल्या डोळ्याला जवळचं सगळं पाण्यातून बघितल्यासारखं दिसायचं. हातभर अंतरावरचं मोठं अक्षर ते आरामात काढत. टाइप केलेला कागद मात्र नाही.

“आत ये,” बाबा म्हणाले. “दार लाव.”

बाबांनी कधीच कोणाला दार लावायला सांगितलं नव्हतं.

मागच्या खोलीत भिंतीला फलक टेकवला होता, दारापेक्षा उंच, पांढरा कोरा. खडू माखलेल्या दोऱ्याने आखलेल्या निळसर रेघा त्यावर होत्या. टर्पेंटाइनच्या वासाने नाक चुरचुरलं. बाबांनी शर्टाच्या आतून पाकीट काढलं.

“दोन दिवस हा कागद खिडकीत, दिव्याखाली, सगळीकडे धरून बघितला. नाही दिसत. परवा सकाळी नऊला फलक लागायचाय. तू वाच, मी काढतो.”

“मी?”

“मग काय, ब्रश वाचणार? पण एक ऐक. या खोलीतलं या खोलीत राहील. अकरा वर्षांत एक आकडा बाहेर गेलेला नाही. गेला तर माझ्या हातात पुन्हा पाकीट कोणी देणार नाही, आणि द्यायलाही नको.”

तिने मान डोलावली. पैजेचं उत्तर हातात आलं होतं, आणि ते कोणालाच सांगता येणार नव्हतं.

ती वाचू लागली. आधी शाळांची नावं: कारखान्याजवळची, बाजारातली, नदीकाठची, टेकडीवरची. नदीकाठची म्हणजे यांची. टेकडीवरची म्हणजे ‘शेळ्यांची शाळा’. तिथे मुलांपेक्षा शेळ्या जास्त येतात, असं नदीकाठचे सगळे म्हणायचे, आणि त्यातल्या एकानेही ती शाळा पाहिलेली नव्हती. मग दहावीचा निकाल.

“कारखाना चौऱ्याहत्तर. बाजार अठ्ठ्याहत्तर. आम्ही एक्क्याऐंशी. टेकडी शहाऐंशी. बाबा, कागद चुकलाय.”

“कागद बरोबर असल्याचं त्याच कागदावर लिहिलंय. शिक्का आहे बघ. पुढे.”

पुढे पटसंख्या. “कारखाना दोनशे चौसष्ट. बाजार दोनशे अकरा. नदीकाठ...” तिने बोट कागदावर ठेवलं. “नदीकाठ एकशे एकोणतीस. टेकडी एकशे अठरा.”

म्हणजे टेकडी बंद. आपण वाचलो. भोंग्याने जागच्या जागी एक उडी मारली, पायाशी असलेल्या डब्यावरचं झाकण घरंगळत फलकाखाली गेलं, आणि ते काढायला ती वाकली तेव्हा तो आकडा तिच्या डोक्यात पुन्हा वाजला. एकशे एकोणतीस.

रोज सकाळी मैदानात ती कोणता आकडा ठोकायची? एकशे सात. कोणी आजारी असलं तर एकशे पाच, एकशे सहा. एकशे सातच्या वर ती कधी गेली नव्हती, कारण एकशे सातच्या वर शाळेत मूलच नव्हतं.

“काय झालं?” बाबांनी विचारलं. “पुढे वाच. तळाची ओळ.”

“हरकत असल्यास,” तिने वाचलं, “फलक लागण्यापूर्वी लेखी कळवावी.”

“ही तर पाठ आहे मला,” बाबा हसले. “फलक लागेपर्यंत आकडे कळत नाहीत, आणि कळले की हरकत चालत नाही. अकरा वर्षं रंगवतोय, अजून एक हरकत आलेली नाही.”

एकशे एकोणतीस वजा एकशे सात. बावीस. बावीस म्हणजे आठवी.

आता हे बावीस कुठून आले, ते सांगायला हवं. नदीकाठच्या शाळेत विज्ञानाला एकच बाई उरल्या होत्या. म्हणून दर बुधवारी आठवी आणि नववी मोठ्या खोलीत एकत्र बसायच्या. बाई फळ्याच्या मधोमध उभी रेघ मारायच्या, डावीकडे आठवीचं, उजवीकडे नववीचं, आणि स्वतः रेघेवर उभ्या राहून दोन्हीकडे शिकवायच्या. पट मोजायला शिक्षण कार्यालयाचे मोजणीवाले आले तो बुधवारच होता. ते मोठ्या बाईंच्या खोलीत पंख्याखाली बसले आणि त्यांनी निरोप पाठवला, की प्रत्येक वर्गाच्या मॉनिटरने खोलीतली डोकी मोजून चिठ्ठीवर लिहून आणावीत. हजेरीपट नको, डोकी. हजेरीपटात कोणीही काहीही लिहितं. भोंग्याने बाकांमधून फिरत, बोटाने एकेकाच्या डोक्यावर टिचकी मारत मोजलं. खोलीत त्रेपन्न डोकी होती. तिने ‘नववी: ५३’ असं ठसठशीत लिहिलं, खाली सही ठोकली आणि सगळ्यात आधी चिठ्ठी नेऊन दिली. आठवीच्या मॉनिटरने आपली बावीस मोजून आणली. मोजणीवाल्यांनी चिठ्ठ्या पाकिटात घातल्या, पाकीट चिकटवलं, आणि “हुशार आहे पोरगी” असं म्हणून ते निघून गेले.

कोणी लबाडी केली नव्हती. तीच तर भीती होती. लबाडी असती तर कोणाच्या तरी अंगावर ढकलता आली असती.

बाबांनी काळ्या रंगात ब्रश बुडवला आणि हातभर लांबून ‘१२९’ काढायला घेतला. नऊचं पोट त्यांनी एका झोकात भरलं. भोंगा बघत राहिली. तोंड उघडावं असं तिला वाटलं, पण उघडलं तर कोणती शाळा तळाला जाणार होती?

*

बुधवारी सकाळी पेन्सिल आणि टाचणी फाटकातच उभ्या होत्या.

“बोल,” टाचणी म्हणाली.

“नाही सांगितलं बाबांनी.”

“विचारलंस तरी का?”

“विचारलं.”

टाचणीने दप्तर तिच्या गळ्यात अडकवलं. पेन्सिलने तिचं खांद्यावर दिलं. तीन दप्तरं घेऊन भोंगा मैदानातून चालली तेव्हा सहावीची पोरं फिदीफिदी हसली. एरवी तिने त्यांना असं झापलं असतं, की दोन दिवस त्यांनी मान वर केली नसती. आज ती तशीच पुढे गेली, आणि टाचणीने पेन्सिलकडे बघून भुवया उडवल्या.

हजेरीला मैदानाच्या मधोमध ती उभी राहिली. “एकूण एकशे...” आणि तिथे आवाजच बसला. सगळी शाळा तिच्याकडे बघत होती. मोठ्या बाईंनी चष्मा सावरला. एकशे सात माणसं, तिला वाटलं, आणि माझ्या एका वाक्याने यांची शाळा जाईल. मोठ्या बाई जातील कुठेतरी. रेघेवर उभ्या राहणाऱ्या बाई दुसरीकडे. आम्ही सगळे बसने बाजारातल्या शाळेत, मागच्या बाकांवर, ‘बंद पडलेल्या शाळेतले’ म्हणून. आणि ही बंद कोणी पाडली, हे प्रत्येकाला ठाऊक असेल. रस्त्यात कोणी बोलणार नाही. टाचणी तर नाहीच.

“सात,” ती कशीबशी म्हणाली.

“भोंग्याची बॅटरी उतरली,” मागून कोणीतरी कुजबुजलं.

दुपारी पुन्हा मोठ्या खोलीत एकत्र वर्ग. बाईंनी मधोमध रेघ मारली. भोंग्याने मनातल्या मनात डोकी मोजली. त्रेपन्न. पुन्हा मोजली. देवाशपथ, एखादं तरी कमी-जास्त निघावं. त्रेपन्नच. मग तिने फक्त रेघेच्या उजवीकडची मोजली आणि एकतिसावर बोट थांबलं, ते तिच्या स्वतःच्या डोक्यावर.

“ए, वेड लागलं का?” पेन्सिल हळूच म्हणाली. “स्वतःला टिचकी मारतेयस.”

“पेन्सिले, आपली शाळा गेली तर?”

“गप गं,” पेन्सिलचा चेहरा उतरला. “माझी आई म्हणते, बाजारातल्या शाळेत एका बाकावर चौघी बसतात. माझे पाय कुठे ठेवू मी?”

हसायला हवं होतं. भोंग्याला रडू येईल असं वाटलं, म्हणून तिने पेन खाली पाडला आणि बराच वेळ तो शोधत बसली.

*

शाळा सुटल्यावर बाबा शिडी घेऊन फाटकाशी उभे होते. तीन दप्तरं दोघींच्या हवाली करून ती त्यांच्यामागे निघाली. टेम्पोवाल्याने त्यांना टेकडीच्या फाट्यावर सोडलं.

“इथे काय काम?” तिने विचारलं, आणि विचारतानाच तिला पाटी दिसली. रस्त्याच्या कडेला, दोन खांबांवर: शाळेचं नाव आणि वर चढणारा बाण. बाबांचंच अक्षर.

“उद्या फलक लागला, की लगेच हिच्यावर पांढरा मारायचा हुकूम आहे,” बाबा हळू आवाजात म्हणाले. “धुतल्याशिवाय रंग धरत नाही. आज धुऊन ठेवतो. तू शिडी धर, मला खालचं दिसत नाही.”

ती शिडी धरून उभी राहिली. वर चढणाऱ्या बाणाकडे बघताना तिचा हात सैल झाला, शिडी डुलली, आणि वरून बाबा म्हणाले, “अगं, भूकंप झाला का?”

तेवढ्यात टेकडीच्या पायवाटेने एक मुलगी उतरली. हिच्याच वयाची, गणवेश कोपरावर ठिगळ लावलेला, पायात धुळीने पांढरे झालेले बूट. थांबून तिने वर बघितलं.

“आमची पाटी रंगवताय?”

बाबांनी फडकं पिळलं. त्यांना इतकं अवघडलेलं भोंग्याने कधी बघितलं नव्हतं.

“धुतोय,” शेवटी ते म्हणाले. ते खोटं नव्हतं.

“बरं झालं. लांबून वाचताच यायची नाही. नवीन बाई आल्या त्या दोनदा पुढे निघून गेल्या.” तिने त्यांच्या बादलीत डोकावलं. “एवढ्या पाण्याने काय होतंय काका? थांबा, आणते.”

आणि थांबा म्हणायच्या आत ती बादली घेऊन वर पळाली. दहा मिनिटांनी धापा टाकत, निम्मं पाणी स्वतःच्या बुटांवर सांडत परत आली. मग तिने दुसरं फडकं उचललं आणि खांब पुसायला घेतला.

“तू कुठल्या शाळेची?” खांबामागून तिने विचारलं.

“नदीकाठची.”

“अरे वा. तुमच्याकडे प्रयोगशाळा आहे म्हणे.”

“आहे,” भोंगा म्हणाली. “कुलूप असतं.”

“आमच्याकडे कुलूप आहे. प्रयोगशाळा नाही.” ती खुदकन हसली. “तुम्ही आम्हाला शेळ्यांची शाळा म्हणता ना?”

भोंग्याचे कान तापले. “कोण म्हणालं?”

“सगळे. एकदा आली होती एक शेळी. वर्षभर तीच गोष्ट सांगतात लोक. हजेरी मात्र चांगली होती हो तिची.”

भोंग्याला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून आणखी भीती वाटली. तिने विचारायचं नाही असं ठरवलं होतं, पण तोंड भोंग्याचंच. “तुमची शाळा बंद झाली, तर तू कुठे जाशील?”

मुलीचं फडकं थांबलं. “आमची नाही होणार. मोजणीच्या दिवशी आम्ही सगळेच्या सगळे आलो होतो, ताप असलेलेसुद्धा. एकशे अठरा. सरांनी दोनदा मोजलं.” तिने फडकं बादलीत बुडवलं. “माझ्या ताईला कारखान्याजवळच्या शाळेत घातलं होतं. दोन गाड्या बदलायच्या, आणि दुसरी कधी यायची, कधी नाही. चार महिने गेली. मग घरीच.” तिने खांबाची दुसरी बाजू पुसायला घेतली. “मी नाही घरी बसायची. मला अजून बरंच काही करायचंय.”

काय करायचंय, ते तिने सांगितलं नाही आणि भोंग्याने विचारलं नाही. पाटी चकचकीत झाली. उतरत्या उन्हात अक्षरं लांबूनही वाचता येत होती. “छान दिसतेय, काका,” मुलगी म्हणाली, हात स्कर्टला पुसले आणि रस्त्याने निघून गेली. वळणावर थांबून तिने एकदा मागे वळून पाटीकडे बघितलं.

टेम्पोची वाट बघत बाबा शिडीवर बसले होते. “पुढच्या वर्षापासून डोळे नीट असले तरी मी हे काम घेणार नाही,” ते म्हणाले. तिला नाही, रस्त्याला.

तिला त्याच क्षणी सगळं सांगावंसं वाटलं. पण सांगायचं म्हणजे बाबांचे आकडे बाबांनाच सांगायचे, आणि मग बाबांनी काय करायचं? पाकीट मुलीकडून वाचून घेतल्याचं कार्यालयाला कबूल करायचं? सगळा रस्ता तिचं डोकं चाकासारखं फिरत होतं. एकशे एकोणतीस तिला ठाऊक असायचं कारण नव्हतं. बरोबर. एकशे अठरा त्या मुलीने सांगितलं होतं, पण तेही फलकावरचं म्हणून नाही. मग तिला हक्काने काय ठाऊक होतं?

टेम्पो खड्ड्यात आदळला, शिडी खडखडली, आणि तिला ते दिसलं. तिच्या हातची चिठ्ठी. तिच्या सहीची. तेवढी मात्र तिचीच होती.

भीती त्याने कमी झाली नाही. उलट आता ती नेमकी झाली. आत्तापर्यंत काहीच करता येत नव्हतं म्हणून भीती होती. आता करता येत होतं, आणि फलक लागायला एकच संध्याकाळ उरली होती.

*

आई पुढच्या खोलीत शिलाई मशिनीवर होती. नदीकाठच्या शाळेचे गणवेश गेली कित्येक वर्षं तीच शिवायची. पुढच्या वर्षाच्या निळ्या शर्टांची चळत टेबलावर कानापर्यंत आली होती. “दोघं कुठे उंडारत होता?” तिने दोरा दातांनी तोडत विचारलं. “हात धुवा. आणि भोंग्या, तू सकाळचा डबा तसाच परत आणलायस. आजारी आहेस का?”

“नाही.”

“मग तोंड का असं कागदासारखं पांढरं?”

भोंगा आतल्या खोलीत गेली. वहीचं मधलं पान फाडलं. पहिला अर्ज लिहिला तो शाईने इतका बरबटला, की वाचता येईना. दुसऱ्यात ‘माननीय’ लिहूनच हात थांबला. तिसरा चार ओळींचा झाला. सही करताना पेन कागदातून आरपार गेला. चिठ्ठीवर सही करताना किती ऐटीत केली होती, ते तिला आठवलं.

बाहेर आली तेव्हा बाबा भिंतीला टेकून पट्टीवरून हात फिरवत होते, आई शर्टांना गुंड्या लावत होती. भोंगा दोघांच्या मधे उभी राहिली. रोज मैदानात उभी राहायची तशी. पेन्सिलचे लांब पाय तिला दिसले. टाचणीचं तोंड दिसलं, आणि त्या तोंडाचं न बोलणं. मग धुतलेली पाटी दिसली.

“मला काहीतरी सांगायचंय,” ती म्हणाली. आवाज बाकाखालून आल्यासारखा आला. तिने घसा खाकरला. “मधे बोलू नका, नाहीतर मी थांबेन आणि मग माझ्याने पुन्हा होणार नाही.”

आईने मान वर केली, पण सुई चालूच ठेवली.

“मोजणीच्या दिवशी मी चिठ्ठीत नववीची त्रेपन्न डोकी लिहिली. नववीत आम्ही एकतीस आहोत. बाकीची आठवीची होती, ती त्यांनीही मोजली. चूक माझी आहे.”

बाबांचा उघडा डोळा हळूहळू मोठा होत गेला. ते बेरीज-वजाबाकी करत होते, हे तिला दिसलं; आणि ती संपली, तेही दिसलं. “बाळा,” ते म्हणाले, “याचा अर्थ काय होतो, ते तुला—”

“बाबा, खोलीतलं खोलीतच आहे. कोणाचा पट किती, मला काही ठाऊक नाही. मला माझ्या वर्गाची डोकी ठाऊक आहेत, तेवढीच मी सांगणार.” तिने घडी घातलेला कागद छातीशी धरला. “फलक नऊला लागतो. मी आठ वाजता कार्यालयाच्या दारात असेन आणि हा अर्ज देईन. लेखी आहे, खाली माझी सही आहे. तुम्ही नको म्हणालात तरी जाईन. फक्त कोणीतरी बरोबर आलं तर बरं, कारण मला भयंकर भीती वाटतेय. आणि आई, त्या गुंड्या लावायचं जरा थांब.”